सूर्यनमस्कार घेऊन विलायतेला गेलेला राजा

युजेन सँडो हे नाव आज आपल्यापैकी फारसे कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते घरोघर पोचले होते. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे १८६७ साली जन्मलेल्या या मल्लाने इंग्लंडात बस्तान बसवले, स्नायू फुगवून दाखवण्याचे खेळ केले आणि पुढे पुस्तके, स्प्रिंगचे डंबेल्स व ताणायच्या पट्ट्या विकून शरीरसंवर्धनाचा एक मोठा व्यापारच उभा केला. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्याकडच्या सुशिक्षित तरुणांना त्या काळी त्याने वेड लावले होते. साहेबाच्या राज्यात साहेबासारखे शरीर कमवावे, म्हणजे निदान त्या एका बाबतीत तरी त्याच्या बरोबरीने उभे राहता येईल, अशी काहीशी भावना त्यामागे असावी.

या तरुणांत सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे एक राजपुत्रही होते. सँडोचे पुस्तक आणि त्याची सारी उपकरणे त्यांनी १८९७ च्या सुमारास मागवून घेतली आणि जवळजवळ दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. याच गृहस्थांनी पुढे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लंडनमध्ये बसून इंग्रजांना व्यायाम शिकवला. तो व्यायाम होता आपला सूर्यनमस्कार, आणि हे गृहस्थ म्हणजे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांवर आमच्या भागात पुष्कळ बोलले जाते. कोणी त्यांना स्वराज्य देऊन टाकणारा राजा म्हणून ओळखतो, कोणी किर्लोस्करवाडीला जागा देणारा म्हणून, कोणी चित्रकार म्हणून, तर कोणी कीर्तनकार म्हणून. या लेखात मला त्यांच्या चरित्राचा एकच धागा मुख्यतः धरायचा आहे, तो म्हणजे त्यांनी परक्यांकडून काय घेतले आणि परक्यांना काय दिले. बाकीचे ओघाने येईलच, कारण या माणसाचे आयुष्य एका धाग्यात बसणारे नव्हे.

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराममहाराजांनी जिंजीस असताना निर्माण केले. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांनी या घराण्याला थोरपण आणले. पुढे पेशवाई बुडाली, सातारची गादी खालसा झाली आणि प्रतिनिधींच्या वाट्याला उरले ते औंधचे लहानसे संस्थान. लहान म्हणजे किती? सुमारे पाचशे चौरस मैल आणि बहात्तर गावे, आणि तीही एका जागी नव्हेत. औंध इकडे खटावच्या मुलखात, आटपाडी तिकडे माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला आणि गुणदाळ थेट विजापुराकडे. आजच्या हिशेबाने सांगायचे तर राजधानी सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी व कुंडल हे तालुके सांगली जिल्ह्यात. सातारकर आणि सांगलीकर या दोघांनाही बाळासाहेब आपले वाटतात याचे कारण हेच.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी पदवीधर संस्थानिक ही दुर्मीळ चीज होती. संस्थानिकांच्या मुलांनी घोडे, शिकार आणि पोलो शिकावे, पदव्या कारकुनांनी घ्याव्यात, असा एकूण रिवाज होता. वडिलांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे कारभार पाहिला, पण गादी त्यांच्याकडे सरळ आली नाही. वडिलांच्या मागून आलेल्या कारभारात घोटाळे झाले, इंग्रज सरकारने हस्तक्षेप केला आणि अखेर १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब राजे झाले.

त्याच्या एकच वर्ष आधी त्यांच्या आयुष्यात दुसरी एक घटना घडली होती. माझ्या मते ती राज्यारोहणाइतकीच महत्त्वाची आहे. मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन हे त्यांचे स्नेही. मिरजकर नित्य सूर्यनमस्कार घालीत. त्यांनी औंधकरांना सँडोचा नाद सोडून घरचा व्यायाम करून पाहण्याचा सल्ला दिला. नमस्कार औंधकरांना अपरिचित होते असे नाही. ब्राह्मण घरात जन्मलेल्या मुलाला ते माहीत असणारच. पण माहीत असणे वेगळे आणि त्यावर विश्वास बसणे वेगळे. १९०८ पासून त्यांनी नमस्कार सुरू केले आणि मग ते कधी सोडले नाहीत.

हे मिरजेचे प्रकरण मला फार आवडते. कोणा गुरूने डोंगरावरच्या गुहेत दीक्षा दिली, अशी काही अद्भुत कथा येथे नाही. एका मध्यमवयीन संस्थानिकाने दुसऱ्या मध्यमवयीन संस्थानिकाला, पोट सुटू नये म्हणून असो की आणखी कशासाठी असो, एक चांगली गोष्ट सुचवली, इतकेच. आज जगातल्या शेकडो शहरांत जो व्यायाम चालतो त्याच्या प्रवासातला एक मोठा टप्पा औंध आणि मिरज यांच्या दरम्यानचा आहे. नकाशावर ते अंतर बोटभरसुद्धा भरणार नाही.

बाळासाहेबांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट पटली म्हणजे ती स्वतःपुरती ठेवणे त्यांना जमत नसे. राजवाड्यात नमस्कार सुरू झाले. राणीसाहेब नमस्कार घालू लागल्या, मुले घालू लागली. मग संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले, आणि मुलांबरोबर मुलींनाही. त्या काळात मुलींनी उघड्यावर व्यायाम करावा ही कल्पनाच पुष्कळांना सहन होणारी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. राजे स्वतः शाळांना भेटी देत आणि मुलांसमोर नमस्कार घालून दाखवीत. ज्याने हुकूम काढायचा त्यानेच अंग मोडून आधी करून दाखवायचे, ही पद्धत आमच्या हल्लीच्या साहेबलोकांना मानवेल असे दिसत नाही.

सक्ती मात्र मला खटकते. व्यायामाची गोडी हुकमाने लागते का? शाळेत असताना कवायतीच्या तासाला मैदानावर उभे राहून आम्ही जो काही व्यायाम केला त्यातला किती टिकला, हे ज्याचे त्याने मनाशी म्हणावे. पण संस्थानी राज्यात लोकांवर लादल्या जाणाऱ्या इतर गोष्टींची यादी डोळ्यांपुढे आणली, म्हणजे नमस्काराची सक्ती त्यातल्या त्यात सौम्य वाटते.

त्यांची नमस्काराची पद्धत काय होती? वाचकांपैकी ज्यांचा हा विषय सुटला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हात जोडून ताठ उभे राहायचे. मग गुडघे न वाकवता खाली वाकून तळहात जमिनीला टेकायचे. एक पाय मागे न्यायचा, मग दुसरा. त्यानंतर कपाळ, छाती, गुडघे यांचा स्पर्श जमिनीला होईल पण पोट टेकणार नाही असे अंग खाली आणायचे. मग छाती पुढे काढून मान मागे टाकायची, कंबर वर उचलायची, एक पाय पुढे, दुसरा पुढे आणि पुन्हा उभे. या साऱ्या खटाटोपात एकदा टेकलेले हात नमस्कार पुरा होईतो जागचे हलवायचे नाहीत. दहा अवस्थांचा हा एक फेरा. त्याला श्वासाची जोड आणि आरंभी बीजमंत्रासह सूर्याचे एक नाव. साधने काय लागतात म्हणाल, तर अंग पसरण्याइतकी जमीन. सँडोचे डंबेल्स विकत घ्यावे लागत, येथे दुकानदाराला काहीच काम नव्हते.

नमस्कारांवर त्यांनी मराठीत लिहिले आणि १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्रजीतही पुस्तक प्रसिद्ध केले. नमस्कारांचा चित्रपटही काढवून घेतला. त्या वेळी आपल्याकडे बोलपट यायचे होते. छायाचित्रे, फिल्म, छापील तक्ते ही सगळी आधुनिक साधने त्यांनी एका जुन्या आचारासाठी राबवली. प्रसाराची ही हातोटी सँडोकडून आली असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. व्यायाम मिरजेचा, पण तो जगापुढे मांडायची रीत विलायतेची. आपण ज्याला स्वदेशी म्हणतो त्यात असा परदेशी धागा पुष्कळदा सापडतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

राजे झाल्याबरोबर त्यांच्या हातून दुसरे एक काम झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावचा कारखाना हलवण्याची पाळी आली होती. लक्ष्मणरावांनी औंधला बांधकामाचे काम केलेले असल्यामुळे राजांना हा माणूस ठाऊक होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला आणि सापांनी गजबजलेला माळ होता. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. पुढचा इतिहास सांगलीकरांना मी सांगायला नको. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ साली औंधला आले ते याच राजाच्या आश्रयाने, आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांची भाषांतरे त्या आडगावातून छापून देशभर पोचवली. ग. दि. माडगूळकर, शंकरराव खरात ही माणदेशची मुले औंधच्या शाळेत शिकली, साने गुरुजीही काही काळ तेथे होते. एवढ्याशा गावात एवढी माणसे कशी गोळा झाली याचे आश्चर्य वाटते.

कलेच्या बाबतीत बाळासाहेब नुसते आश्रयदाते नव्हते, स्वतः कुंचला धरणारे होते. रामायणावर त्यांनी चित्रमालिका रंगवली आणि ती १९१६ मध्ये ग्रंथरूपाने छापली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा एक लाख रुपयांची देणगी त्यांनी देऊ केली, शिवाय त्या ग्रंथासाठी चित्रे काढली. वेरूळ आणि अजिंठा यांवर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तके लिहिली. अजिंठ्याचे पुस्तक १९३२ चे. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्यांची चित्रे थोर होती असे मी म्हणणार नाही. रविवर्म्याची छाप त्यांवर स्वच्छ दिसते आणि काही देवादिक नाटकातल्या पात्रांसारखे उभे असतात. पण संस्थानचा कारभार, कीर्तन आणि रोजचे नमस्कार सांभाळून ज्याने एवढी चित्रे काढली त्याच्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे.

आता लंडन.

१९३६ साली बाळासाहेब इंग्लंडात होते. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होण्याच्या मार्गावर होते. त्या काळी विलायतेला जाणारे हिंदी संस्थानिक कसे असत याची इंग्रजांना पक्की कल्पना होती. मोटारी, हिरेमाणके, घोड्यांच्या शर्यती आणि दिमाखदार हॉटेले! वृत्तपत्रांनाही ते हवे असे. औंधचा राजा गरीब, संस्थान टीचभर. त्याच्याजवळ दाखवण्यासारखे एकच होते, स्वतःचे शरीर. अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ ताठ चालत होता, त्याचे पोट सपाट होते आणि तो आपल्या वयाच्या मानाने कितीतरी तरुण दिसत होता.

‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकात लुईझ मॉर्गन नावाच्या एक बाई काम करीत. लेखकांच्या मुलाखती घेण्याबद्दल त्यांचे नाव झालेले होते. त्यांनी बाळासाहेबांची भेट घेतली. मुलाखत घ्यायला आलेल्या या बाई शिष्या होऊन बसल्या. त्यांनी नमस्कार स्वतः करून पाहिले आणि वृत्तपत्रातून त्यांवर लिहिले. त्या लिखाणाला वाचकांचा एवढा प्रतिसाद मिळाला की प्रकरण तेथे थांबले नाही. १९३८ साली लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने बाळासाहेबांचे पुस्तक मॉर्गनबाईंच्या संपादनाने आणि प्रस्तावनेने प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. दहा अवस्था म्हणून दहा कलमे. सूर्य, नमस्कार, मंत्र यांपैकी एकही शब्द मुख्य नावात नाही.

या नावावर मी बराच विचार केला. पहिल्या वाचनी वाटते, की हे तर आपले सत्त्व काढून घेतले. सूर्याला केलेले वंदन जाऊन तेथे आरोग्याचा दहा कलमी मार्ग आला, म्हणजे पुन्हा सँडोचेच दुकान. पण पुस्तकाच्या आत पाहिले तर असे दिसते की बाळासाहेबांनी मंत्र सोडले नव्हते. ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरे इंग्रज वाचकांपुढे त्यांनी जशीच्या तशी ठेवली. फक्त समर्थन बदलले. त्या स्वरांच्या उच्चाराने छाती, घसा, पोट यांत कंप निर्माण होतात आणि त्या त्या अवयवांना व्यायाम घडतो, अशी मांडणी त्यांनी केली. देवाचे नाव घेतले तर साहेब पळून जाईल. शरीरशास्त्राचे नाव घेतले तर तो बसून ऐकेल, हे त्यांनी ओळखले होते. याला कोणी लबाडी म्हणेल. मला ती शिक्षकाची युक्ती वाटते. शिष्याला जी भाषा कळते तिच्यातूनच आरंभ करायचा असतो, आणि आपले चांगले प्राध्यापकही रोज हेच करतात.

दोन्ही बाजूंची गंमत ध्यानात घ्या. नमस्कार घालायचा तो उगवत्या सूर्यासमोर, आणि लंडनला महिनेच्या महिने सूर्याचा पत्ता नाही. आपल्याकडे सारवलेली जमीन, तिकडे झोपण्याच्या खोलीतला गालिचा. आपल्याकडे स्नान करून, सोवळ्याने. तिकडे कामावर जाण्यापूर्वीच्या घाईत. आपल्याकडे तोवर हा बहुतांशी पुरुषांचा आचार, आणि तिकडे त्याचा वाचकवर्ग मुख्यतः बायकांचा, कारण कंबर बारीक व्हावी, म्हातारपण लांबावे ही इच्छा त्यांना या पुस्तकाकडे घेऊन आली. बाळासाहेबांना या फरकांनी बिचकायला झाले नाही. औंधच्या शाळांत मुलींना नमस्कार घालायला लावणाऱ्या माणसाला इंग्रज बायका शिष्या म्हणून मिळाल्या, हे एका परीने योग्यच झाले. आणखी एक मजा म्हणजे आहार. चहा, कॉफी, तंबाखू, मद्य यांच्याशी त्यांचे उघड वैर होते. पांढरा सडलेला तांदूळ आणि साफ केलेली साखर त्यांना मंजूर नव्हती. ज्या देशात दिवसाचे घड्याळ चहाच्या पेल्यावर चालते त्या देशात जाऊन चहा सोडायला सांगणे याला एक प्रकारचे धाडस लागते! किती इंग्रजांनी चहा सोडला असेल याबद्दल मला दाट शंका आहे.

येथे एक मोठा विरोधाभास आहे. औंधचा राजा हा इंग्रज सत्तेखालचा मांडलिक होता. गादी इंग्रजांच्या मान्यतेने मिळाली होती आणि त्याच्या डोक्यावर सरकारचा पोलिटिकल एजंट बसलेला असे. राज्यकर्ता म्हणून त्याला लंडनमध्ये काही किंमत नव्हती. गुरू म्हणून मात्र होती. जेत्या समाजातील माणसे जित समाजातील एका म्हाताऱ्याचे ऐकून गुडघे न वाकवता वाकायला शिकत होती. या दृश्याकडे केवळ राष्ट्राभिमानाने पाहण्याचा मोह होतो. बाळासाहेबांनी मात्र वैराचा सूर लावलेला नाही. सँडोकडून दहा वर्षे घेतले ते जणू व्याजासह परत करून टाकले.

आमच्या वसतिगृहात या विषयावर एकदा वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे की सूर्यनमस्कार वेदकाळापासून चालत आले आहेत, समर्थ रामदास रोज हजाराच्या वर नमस्कार घालीत अशी परंपरा सांगते, मग औंधच्या राजाला इतके श्रेय कशाला? बाळासाहेबांना हा आक्षेप आवडला असता, कारण त्यांचीही श्रद्धा अशीच होती. परंतु अलीकडे भारतात आणि बाहेर योगाच्या इतिहासावर ज्यांनी काम केले आहे त्या अभ्यासकांचे मत निराळे पडते. सूर्योपासना अतिप्राचीन आहे यात शंका नाही, पण दहा किंवा बारा ठरावीक अवस्थांची, श्वासाशी बांधलेली, मोजून करायची अशी जी मालिका आज आपण ओळखतो, ती हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत त्या रूपात आढळत नाही. ती आखाड्यातल्या आणि देवघरातल्या नमस्कारांतून आली आणि तिला सार्वत्रिक, शाळेत शिकवण्याजोगे रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. त्या कामात औंधचा वाटा सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक आहे. म्हैसूरच्या राजवाड्यातही त्याच सुमारास नमस्कारांचे वर्ग चालत आणि तेथून योगाचे दुसरे मोठे प्रवाह परदेशी गेले. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. गहू प्राचीन असला तरी पोळी आज सकाळचीच असते.

२०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो. त्या दिवशी परदेशातल्या चौकांत शेकडो माणसे सन सॅल्युटेशन घालताना आपण चित्रांत पाहतो. त्यांना औंध ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. पण साताऱ्यात आणि सांगलीत रथसप्तमीला नमस्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते ठाऊक नसावे हे बरे नव्हे.

परदेशाला शिकवायला गेलेला माणूस तिकडून रिकाम्या हाताने येत नाही. बाळासाहेबांनी १९३८ मध्ये औंधला, यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर, श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभे केले. रहिमतपूरच्या बाजूने औंधला जाणाऱ्या एस.टी.तून उतरले की डोंगर समोरच दिसतो. मी ते संग्रहालय तीनदा पाहिले आणि दर वेळी माझा गोंधळ वाढला. रविवर्म्याची दमयंती आणि सैरंध्री, धुरंधरांची चित्रे, हस्तिदंत आणि चंदनाचे कोरीवकाम, युरोपातल्या नामांकित शिल्पांच्या संगमरवरी प्रतिकृती आणि या सगळ्यांत इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे आई आणि मूल यांचे एक दगडी शिल्प! १९३८ मध्ये मूर चाळिशीच्या आतला होता आणि खुद्द इंग्लंडात त्याच्या ओबडधोबड, नाकडोळे हरवलेल्या आकृत्यांना हसणारे पुष्कळ होते. ज्याच्या स्वतःच्या चित्रांतले राम-लक्ष्मण गुळगुळीत आणि सुबक, त्या राजाच्या संग्रहात हा दगड बसला कसा? मी यातून एवढेच घेतो, की त्याला आवडनिवड होती पण दार बंद नव्हते. खटावच्या दुष्काळी मुलखातला शेतकरी यमाईच्या दर्शनाला येतो आणि जाता जाता हेन्री मूर पाहतो, अशी दुसरी जागा आपल्या देशात शोधून सापडणे कठीण.

परकीयांशी देवघेव पुढेही चालू राहिली. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनियर म्हैसूर संस्थानच्या विजेच्या कारखान्यात कामाला आला होता. गांधीजींच्या विचारांनी भारून त्याने भारतानंद हे नाव घेतले आणि तो औंधला येऊन राहिला. अप्पासाहेब विलायतेहून परतले होते. या दोघांच्या आग्रहाने आणि गांधीजींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी १९३८ च्या अखेरीस प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली. गावपंचायतीपासून वर चढत जाणारी ती रचना होती. सत्तराव्या वर्षी, कोणी बंड केलेले नसताना, राजाने आपल्या हातची सत्ता सोडली. शाळेतल्या पोरांना नमस्कार सक्तीचे करणारा राजा आणि हा राजा एकच, हे पुन्हा एकदा लक्षात घेतले पाहिजे.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. कैद्यांना भिंतींआड न कोंडता शेती देऊन, कुटुंबासह राहू देऊन माणसात आणायचे, ही फ्रीडमनची कल्पना. ती वसाहत सांगली जिल्ह्यात आहे. तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा लिहिली औंधच्या शाळेत शिकलेल्या माडगूळकरांनी, आणि चित्रपटाने पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळवले. म्हणजे औंधची आणखी एक गोष्ट परदेशी पोचली. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील कार्यकर्त्यांना कुंडलचा आसरा मिळाला, त्यालाही संस्थानची हद्द आणि संस्थानचे धोरण उपयोगी पडले.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. बाळासाहेब तेव्हा ऐंशीच्या घरात होते. १३ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. अप्पासाहेब १९४८ मध्येच भारताचे कमिशनर म्हणून पूर्व आफ्रिकेत, नैरोबीला गेले होते. त्यानंतर अनेक देशांत त्यांनी राजदूत म्हणून काम केले. वडिलांनी लहानपणी लावलेली सवय त्यांनी परदेशी वकिलातींतही मोडली नाही. १९७० मध्ये सूर्यनमस्कारांवर त्यांनीही एक पुस्तक लिहिले, आणि तेही इंग्रजीतच.